खिडकीकडची जागा

“ह्या बाईंना बोलाया येतं का गं?”

“येतं की. पर इंग्लिशमदी येतं.”

फळ्याकडे तोंड करून मी ‘घर’, ‘घरटे’, ‘घागर’ असे शब्द लिहीत होते, तेव्हा पाठीमागून हे ऐकू आलं. विचारणारी शेवंता, उत्तर देणारी तिच्या शेजारची यमुना. आपण कुजबुजतोय असं दोघींना वाटत होतं. पण एका खाचरातून दुसऱ्या खाचरात हाका मारायची सवय असलेल्या पोरींची कुजबुज ती केवढी असणार! खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिसरी-चौथीची उजळणी घेणारे गुरुजीसुद्धा मध्येच थांबून हसले. ‘घागर’चा काना देताना माझा खडू मोडला. मी वळले नाही. वळले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

या आठवड्यात हे सगळं पुन्हा वर आलं. मी आता पुण्यातल्या एका शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तर वर्गांच्या खिडक्यांच्या खालच्या काचांना पांढरा रंग दिलेला. मुलांचं लक्ष बाहेर जातं म्हणून. खोली दुधाच्या पातेल्यात बुडाल्यासारखी दिसत होती. मुलं त्या काचांकडे बघत बसली होती. पूर्वी ती काचांतून बघायची, आता काचांकडे बघत होती, एवढाच फरक. आणि त्याच रविवारी एका लग्नाला पौडकडे निघाले. बस बावधन मागे टाकून पुढे आली आणि कापलेल्या भाताचा वास आला. ओलसर, किंचित गोड, पोटात कुठेतरी भूक जागी करणारा. मी बाहेर बघितलं. कुठल्याशा बांधावरच्या झाडाला काहीतरी लोंबत होतं. जेवणाची पिशवी असेल. पण बस वळेपर्यंत मी मान वळवून तेच बघत राहिले, आणि शेजारच्या बाईंनी विचारलं, “अहो, तुमचं लक्ष कुठंय? तिकीट मागतायत.”

वडील सरकारी डॉक्टर. मी शेवंताला शिकवलं त्या वर्षी त्यांची बदली मुठा गावच्या दवाखान्यात झाली होती. मी लहानपणापासून पुण्यात, लष्कर भागात, मावशीकडे राहून कॉन्व्हेंटात शिकलेली. बी.ए. झाले होते आणि घरी बसले होते. स्थळं बघणं चालू होतं, त्याला ‘घरी बसणं’च म्हणत. ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या शाळेत दोन शिक्षक होते. त्यातल्या बाई बाळंतपणाला गेल्या आणि बदली कोणी येईना. गुरुजी पाय मुरगळला म्हणून दवाखान्यात आले होते, ते वडिलांना म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ताई घरीच असतात. पहिली-दुसरी नुसती सांभाळली तरी माझ्यावर उपकार होतील.” वडील माझ्याकडे न बघता “पाठवतो” म्हणाले. मी आतल्या खोलीत होते. मला विचारलं असतं तर मी मान हलवली असती. पण होकारार्थी की नकारार्थी, ते आज सांगता येणार नाही.

शाळा म्हणजे एक लांब कौलारू खोली. दोन्ही टोकांना एकेक फळा, मध्ये काही नाही. गुरुजींचे तिसरी-चौथीचे पाढे माझ्या पहिलीच्या बाराखडीवरून वाहत जायचे. माझी पहिली-दुसरी ज्या बाजूला, तिकडे एक मोठी खिडकी होती. लाकडी गजांची, जमिनीपासून हातभर उंचीवर सुरू होणारी. आमच्या कॉन्व्हेंटात खिडक्या डोक्याच्या वर सुरू व्हायच्या. त्यांतून आभाळ आणि एका अशोकाचा शेंडा एवढंच दिसे. लक्ष विचलित होऊ नये म्हणूनच त्या तशा बांधल्या होत्या, असं आम्हाला सांगत. मी दहा वर्षं तो शेंडा बघितला. वारा कधी सुटतो, कावळा कुठल्या फांदीवर बसतो, सगळं पाठ होतं. बाई विचारत ते प्रश्नही पाठ असत, पण उत्तर द्यायला मी कधी उठले नाही.

इथल्या खिडकीतून मात्र अख्खा कार्तिक आत यायचा. शाळेच्या भिंतीला लागूनच खाचरं होती. उशिरा पिकणारं गरवं भात तेव्हा कापणीला आलेलं. सकाळी धुकं ओढ्यावरून उठून बांधांवर रेंगाळे. मग ऊन पडे, दवाचा वास जाई आणि आंबेमोहराचा वास येई. विळ्यांची खसखस, भारे टाकल्याचा धप्प आवाज, पलीकडच्या खळ्यावर पेंढ्या आपटायचा ठेका. पोपटांचा थवा आला की माणसं ओरडत, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं जागेवरूनच “हाऽऽ” करून त्यांना साथ देत. उरलेली निम्मी पेंगत असत. ती झुंजूमुंजू होतानाच खाचरात जाऊन आलेली असत. त्यांच्या हातांवर भाताच्या पात्यांनी काढलेले बारीक चरे असायचे आणि कुसळांनी खाज सुटायची. पाटीवर अक्षर कमी आणि खाजवणं जास्त.

अशा वर्गाला लक्ष द्यायला लावायचं म्हणजे काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. गुरुजींचा मार्ग सरळ होता. “हाताची घडी, तोंडावर बोट!” ते खोलीच्या त्या टोकावरून गर्जत आणि माझ्या बाजूची मुलंसुद्धा दचकून घडी घालत. मग मला म्हणत, “बाई, आवाज काढा. पोरं म्हणजे बैलजोडी. तोंडानं हाकावं लागतं.” मी हसल्यासारखं करी. माझा आवाज पहिल्या ओळीपर्यंत पोचून तिथेच बसत असे.

एक मार्ग मला चुकून सापडला. मी मनात इंग्रजीत मोजते, अजूनही. फळ्यावर ७९ लिहिलं आणि मोठ्याने वाचायची वेळ आली तेव्हा माझी गाडी अडली. “एकोण...” म्हणून मी थांबले. एकोणसत्तर की एकोणऐंशी? वर्गात एकदम शांतता झाली. पेंगणारी जागी झाली. पोपट विसरले गेले. सगळ्यांच्या तोंडावर तोच प्रश्न: बाईंना येतंय का? मग यमुनाने न राहवून आरोळी ठोकली, “एकुणऐंशी, बाई!” आणि सगळा वर्ग माझी कीव करत, मला उमेद देत, पुढचे आकडे म्हणायला लागला. त्या दिवशी कळलं की मी चुकते तेव्हा वर्गाचं लक्ष सगळ्यात जास्त असतं. पुढे मी मुद्दाम चुकायला लागले. ‘घर’ला ‘धर’ लिहायचं आणि वाट बघायची. “बाई, डोक्याची गाठ सोडा त्येच्या!” अशी हाकाटी व्हायची. मोजायला भाताचे दाणे दिले. ते मोजता मोजता सोलून खाल्ले जात, म्हणून वजाबाकीही त्यातच शिकवून झाली. सगळी मुलं हळूहळू माझ्या बाजूला येत होती.

एकटी शेवंता येत नव्हती.

ती दुसरीत होती, दुसऱ्यांदा. अंगाने वाळलेली, केसांना तेल नाही, परकराला एका बाजूने गाठ मारलेली. तिची जागा अगदी खिडकीला चिकटून. मी मुद्दाम चुकले तरी तिला पत्ता नसे. तिची मान खिडकीकडे असे. नजर अशी की तिच्यासमोर हात हलवावा तरी पापणी लवू नये. मध्येच ती पाटीवर एक अक्षर काढी, पुन्हा बाहेर बघे, पुन्हा एक अक्षर. तिचा ‘क’ एका बाजूने सुरू होई आणि भलतीकडेच संपे. गुरुजी म्हणायचे, “तिच्यावर वेळ घालवू नका, बाई. ध्यान आहे नुसतं.”

एकदा दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. पुस्तकातल्यासारख्या मराठीत, हळू आवाजात विचारलं, “शेवंता, तुझं लक्ष कुठे आहे?”

हा प्रश्न मलाही लहानपणी हजार वेळा विचारला गेला होता. त्याचं उत्तर द्यायचं नसतं. मान खाली घालायची असते.

शेवंताने मान खाली घातली नाही. ती म्हणाली, “झोळीवर.”

“कसल्या झोळीवर?”

तिने गजातून बोट बाहेर काढलं. दोन खाचरं सोडून बांधावर एक आंबा होता. त्याच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली. “गौतम हाय तिच्यात. माजा भाऊ. आय तिकडं लांब कापतीया.” तिने हनुवटीने दाखवलं. खूप पलीकडे बायकांची रांग वाकलेली होती, आंब्याकडे पाठ करून. “आय म्हनली, हितनं दिसतंय न्हवं? मग बस साळंत. पर लक्ष ठिव.”

“सारखं बघावं लागतं?”

“व्हय. हलली की कळतं. वाऱ्यानं हलती ती लांब लांब हलती. त्यो हलवतो ती हिसकं खाती. हिसकं खाल्लं की म्या जाते.”

आणि ती पुन्हा बाहेर बघायला लागली, कारण बोलण्यात तिचा थोडा वेळ गेला होता.

लक्ष दे, लक्ष ठेव, लक्ष लाव. आपण एकच शब्द किती ठिकाणी वापरतो. आईने सांगितलं ‘लक्ष ठिव’ आणि शाळेने सांगितलं ‘लक्ष दे’, आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरीकडे लक्ष एकच होतं. ज्याने आधी मागितलं, त्याला तिने ते दिलं. तिला लक्ष नाही असं जे सगळे म्हणत होते, ते मला तेव्हापासून खरं वाटेना. एवढा वेळ, एवढं एकटक, मी कॉन्व्हेंटातल्या प्रार्थनेतही कोणाला बघताना पाहिलं नव्हतं.

हे गुरुजींना सांगायला हवं होतं. मी त्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलापाशी गेलेसुद्धा. ते म्हणाले, “बरं झालं आलात. पुढच्या पंधरवड्यात तपासणी आहे. साहेब येणार.” गावातले जुने लोक त्या साहेबांना अजून ‘दिपोटी’, म्हणजे डेप्युटी, म्हणत. गुरुजींच्या कपाळावर घाम होता. गेल्या तपासणीत ‘विद्यार्थ्यांचे लक्ष नसते’ असा शेरा पडलेला त्यांना लागला होता. “यंदा तसं होऊ देणार नाही,” ते म्हणाले. माझं वाक्य तोंडात तयार होतं, पण ते मराठीत कसं सुरू करावं हे ठरेपर्यंत घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर पोतं होतं. गुरुजींनी स्वतः खिळे मारून, चारी बाजूंनी ताणून बसवलेलं. वर्गात तांबूस अंधार झाला होता. तुसाचा आणि सुतळीचा वास येत होता. “आता बघा, बाई, कसं चित्त लागतं ते,” गुरुजी म्हणाले. खरंच, मुलं फळ्याकडे बघू लागली. बघायला दुसरं काही नव्हतंच. शेवंताला त्यांनी उठवून पलीकडच्या भिंतीकडे बसवलं.

त्या दिवसांचा आठवणारा पहिला आवाज म्हणजे शेवंताचं “बाई, बाहीर जाऊ?” करंगळी वर. ती जाऊन यायची, बसायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा करंगळी. पोरं हसायला लागली. “शेवंती, वढा घिऊनच ये की वर्गात!” असं एकाने म्हटलं आणि हशा पिकला. गुरुजींनी करंगळीवर बंदी घातली. मग ती मान ताणून बसायची आणि ऐकायची. बाहेरचा एकेक आवाज ती अंगावर घेई. कुत्रं भुंकलं, बांगड्या वाजल्या, कोणी हाक मारली, की तिची पाटीवरची बोटं घट्ट होत. मी बाराखडी म्हणे आणि माझेही कान पोत्यापलीकडे लागत. पुढे कधीतरी पोत्याला एक भोक दिसलं, पाटीवरच्या पेन्सिलीने पाडलेलं, डोळ्याएवढं. त्यातून उन्हाची एक बारीक काडी जमिनीवर पडे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गुरुजींनी ते दाभणाने शिवून टाकलेलं.

आणि मग ती एक दिवस न विचारताच उठून पळाली. मी दारात जाऊन बघते तर ती खाचरं तुडवत आंब्यापाशी पोचलेली. तिने पोराला झोळीतून उपसलं आणि त्याच्या अंगावरून सपासप हात फिरवायला लागली. तांबड्या मुंग्या होत्या. पोर रडलं ते आम्हाला कोणालाच ऐकू आलं नव्हतं. तिला आलं होतं. पोराला शांत करून, मुंग्या पुन्हा चढू नयेत म्हणून झोळीची दोरी राखेने माखून ती परत आली, तेव्हा तिच्या स्वतःच्या मानेवर गांध्या होत्या. गुरुजींनी हात पुढे करायला सांगितलं आणि छडी मारली. का पळाली ते तिने सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. माझ्या हातात खडू होता; मी फळ्याकडे वळले.

दुपारी तिची आई आली. पारूबाई. डोक्याला फडकं, हातात विळा, पायांना चिखल वाळून पांढरा झालेला. उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलली.

“गुर्जी, पोरीला मारली म्हनं.”

“मारली. न विचारता पळाली. पारूबाई, दुसरं वर्ष आहे तिचं दुसरीत. लक्ष देत नाही.”

“मंग कशाला बसवताय? रानात हात कमी पडत्यात. काढून टाका नाव, पोराला तरी नीट संबाळंल.”

गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली. नाव कमी झालेलं त्यांना नको होतं. पटाचा आकडा त्यांनाही दाखवायचा होता. शेवटी म्हणाले, “तपासणी होऊ दे. साहेब सगळ्यांचं लिहिणं-वाचणं घेतात. साहेबांपुढे तिनं लिहून दाखवलं, तर राहील. नाहीतर तू म्हणतेस तसं करू.”

“सायेब म्हनतील तसं,” पारूबाई म्हणाली. जाताना तिने पोत्याने झाकलेल्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, तिला बोलता आलं असतं, पण तिकडे रांग पुढे सरकत होती. कापणीच्या रांगेत मागे पडणाऱ्या बाईला उद्या कोणी बोलावत नाही.

त्या संध्याकाळी ओढा ओलांडून घरी जाताना मी एकटीच मोठ्याने बोलून बघितलं. “गुरुजी, ती खिडकी उघडा.” पाण्यात उभ्या असलेल्या म्हशीने माझ्याकडे बघितलं. वाक्य बरोबर होतं. आवाजही होता. फक्त समोर माणूस नव्हता.

न बोलता करता येईल असं मला एकच सुचलं. दुसऱ्या दिवसापासून मी शिकवता शिकवता दारापर्यंत जायला लागले. दारातून जरा तिरकं बघितलं की आंबा दिसे. झोळी लांब लांब हलतेय की हिसके खातेय, हे मलाही कळायला लागलं. परत वळताना मी शेवंताकडे बघून किंचित मान हलवायची: झोपलाय. पहिल्या दोन-तीन वेळा तिने नुसतं बघितलं. मग तिला समजलं. तिचे खांदे हलकेच खाली आले, ते मला खोलीच्या मध्यावरून दिसलं. ती पाटीवर वाकली. मी पुन्हा दारापर्यंत गेले, पुन्हा मान हलवली. कधी हिसके दिसले तर मी डोळ्यांनी दार दाखवे आणि ती वाऱ्यासारखी जाऊन येई. गुरुजींची पाठ असे तेवढ्यात. असं आमचं चाललं. मी वर्गात येरझाऱ्या घालते म्हणून गुरुजी म्हणाले, “बाई, आता कुठं तुम्हाला वर्ग हाकता यायला लागला.”

त्या थोड्या दिवसांत शेवंता लिहायला शिकली. म्हणजे तिला बहुतेक येतच होतं. तिच्या ‘क’चं पोट आता जागच्या जागी मिटत होतं. तिने एक ओळ सलग लिहिली, मध्ये एकदाही मान न उचलता, आणि मग स्वतःच दचकली. मान झटकन वर करून माझ्याकडे बघितलं. मी दारात होते. मी मान हलवली.

पुण्यातल्या माझ्या वर्गात आज कोणी मूल हरवल्यासारखं बसलं, की मी अजूनही विचारते, “लक्ष कुठंय तुझं?” पण विचारून झाल्यावर थांबते. बहुतेक मुलं मान खाली घालतात, त्यांना तसंच शिकवलेलं असतं. मी थांबून राहते. मग कोणी सांगतं, आई दवाखान्यात आहे. कोणी सांगतं, रस्त्यात चप्पल तुटली, आता घरी कसं जाऊ. एकदा एकाने सांगितलं, “तुमच्या बांगडीवर.” शेवंताचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलं तर मला फार सांगता येत नाही. वडिलांची पुन्हा बदली झाली आणि हिवाळा संपताना आम्ही मुठा सोडलं. निरोप घ्यायला शाळेत गेले होते, तेव्हा ती खिडकीकडच्या तिच्या जागेवर बसलेली होती, एवढं मी बघितलं.

पण तपासणीचा दिवस.

सकाळीच गुरुजींनी खोली सारवून घेतली होती. दारात रांगोळी, फळ्यावर सुविचार, मुलांच्या केसांना शाळेकडूनच तेल. मला म्हणाले, “बाई, आज एवढं करा. खुर्चीवर बसून राहा. साहेबांना वर्गात ये-जा केलेली आवडत नाही.” मी खुर्चीवर बसले. खुर्चीवरून दार दिसत होतं, दारातून फक्त रांगोळी दिसत होती.

साहेब मोटारसायकलवरून आले. उंच, धुळीने भुरे झालेले, बोलायला सौम्य. ते सौम्य होते हेच मला जास्त भीतीचं वाटलं. त्यांनी गुरुजींच्या बाजूचे पाढे ऐकले, माझ्या पहिलीला चित्रं ओळखायला लावली. यमुनाने कविता म्हटली आणि त्यांनी “वा” म्हटलं. गुरुजींचा चेहरा जरा उजळला. मग साहेब भिंतीकडे वळले.

“तू. कडेची. नाव काय?”

“शेवंता.”

“मी सांगतो ते पाटीवर लिही. ‘आई शेतात गेली.’”

शेवंताने ‘आई’ लिहिलं. चांगलं लिहिलं. आणि नेमका तेव्हाच पलीकडच्या खळ्यावरचा ठेका थांबला. झोडणीचा तो आवाज सकाळपासून चालू होता. आपण तो ऐकतोय हे थांबल्यावरच कळलं. सगळीकडे एकदम सुनसान झालं. शेवंताचा हात पाटीवरच राहिला. तिची मान ताणली गेली. तिने पोत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खुर्चीवर होते. मला काहीच माहीत नव्हतं, मी मान कशी हलवणार?

“लिही,” साहेब म्हणाले. “‘शेतात गेली.’”

ती ऐकत होती. साहेबांचं नाही.

“अगं, लक्ष कुठंय तुझं?”

तिचे ओठ हलले. ती खरं उत्तर देणारी मुलगी होती. पण गुरुजी आधी बोलले, पडलेल्या आवाजात. “साहेब, हिचं असंच आहे. दोन वर्षं झाली. तिची आईच म्हणते, नाव कमी करा.”

“मग उगीच कशाला ठेवता?” साहेबांनी खिशाचं पेन काढलं आणि त्याचं टोपण उघडलं. टोपणाचा ‘टिक’ असा बारीक आवाज झाला.

मी उठले. खुर्ची सारवलेल्या जमिनीवर खरखरली आणि सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. खिडकीपर्यंत चालत गेले. पोत्याचा खालचा कोपरा धरून ओढला. एक खिळा निघाला, दुसरा निघेना. मी दोन्ही हातांनी ओढलं. पोतं तुसासकट अंगावर आलं आणि त्याच्यामागून ऊन आलं, इतकं की क्षणभर मला काही दिसलंच नाही. मग खाचरं दिसली, निम्मी कापलेली. खळ्यावर माणसं तांब्याने पाणी पीत होती. बांध दिसला, आंबा दिसला. झोळी हलत होती. मी नीट बघितलं. लांब लांब हलत होती.

“बाई,” मागून गुरुजींचा आवाज आला, “अहो बाई, हे काय?”

“बाई, तपासणी चालू आहे,” साहेब म्हणाले.

मी वळले नाही. तेव्हा फळ्याकडे, आत्ता खिडकीकडे; माझं तोंड वर्गाकडे कधी नव्हतंच. पण या वेळी वळायचं नव्हतं, कारण मला झोळीवरून नजर काढायची नव्हती. गज दोन्ही हातांत धरून, खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या चौथीच्या शेवटच्या पोरालाही ऐकू जाईल अशा आवाजात, मी बाहेर बघत म्हणाले,

“शेवंता, लिही तू. गौतम झोपलाय. झोळीवर माझं लक्ष आहे.”